ही मिशी कोणाला लावायची?

मित्रांनो, मी एक जुनी मिशी आहे. खोटी मिशी. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी 'आम्हाला फसवलं' असं म्हणायला नको. खऱ्या मिश्यांचं काय, त्या आपोआप उगवतात आणि न्हाव्यापुढे बसलं की संपतात. मला मात्र घडवावं लागलं. आणि एके काळी मी ओठावर चढले की गच्च भरलेला तंबू चिडीचूप होत असे. इतका मान किती खऱ्या मिश्यांना मिळतो, ते तुम्हीच सांगा.

माझा जन्म जुन्नरचा. तिथे राजमहंमद नावाचे कारागीर होते. तमाशाच्या फडांना लागणारे टोप, दाढ्या, गंगावनं असं सगळं ते बनवायचे. फडांचं गाव नारायणगाव जवळच, त्यामुळे दसऱ्याला हंगाम सुरू झाला की त्यांच्या दुकानाच्या फळीवर कलावंतांची नुसती झुंबड उडायची. लाकडी ठोकळ्यावर बारीक जाळी ताणायची, बाकदार सुईने एकेक केस तिच्यात ओवायचा आणि त्याला गाठ मारायची, असं ते काम. मला बनवताना माझं डावं टोक झालं आणि राजमहंमदांजवळचे केस संपले. तेव्हा त्यांच्या बायकोने, जैबुन्निसाभाभींनी, विंचरताना गळालेले आपले केस फडक्यात गुंडाळून ठेवले होते, ते पुढे केले.

"घ्या हे. पण माझ्या केसांची मिशी झाली म्हणून कुनाला सांगू नका," त्या लाजून म्हणाल्या.

राजमहंमदांनी ते पहिल्याच गिऱ्हाइकाला सांगितलं.

भाभी फार मऊ स्वभावाच्या. दुधात तोंड घातलेल्या मांजरालासुद्धा 'जा बेटा' म्हणणाऱ्या. त्यांच्या केसांची मी झाले, आणि जाऊन बसले कोणाच्या ओठावर, तर गावोगावच्या लेकीबाळी पळवणाऱ्या दुष्ट सरदाराच्या. हा सरदार म्हणजे वगातला, बरं का. त्याचं काम करायचा तो वारूळवाडीचा चिमाजी. राजमहंमदांचं ते पहिलं गिऱ्हाईक तोच.

चिमाजी हा अंजनाबाईंच्या फडातला खलनायक. खलनायक कसला, बाजारात मेथीची जुडी घेताना भाव विचारायलाही लाजणारा माणूस. पण मला चिकटवली की त्याची मान ताठ व्हायची, आवाज खाली उतरायचा, डोळे बारीक व्हायचे. "कुठं हाय ती पोरगी?" एवढं एकच वाक्य तो बोलला की पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदराआड. त्याचा एक नेम होता. दसऱ्याला मला हळदकुंकू लावायचा, आणि मी ओठावर असेपर्यंत कधी हसायचा नाही. कोणी कितीही विनोद करो, मी उतरल्यावरच हसायचा. एका गावात तर एका म्हातारीने रागाने त्याला चप्पल फेकून मारली. चिमाजीने ती पुसून आपल्या पेटीवर ठेवली आणि वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. म्हणायचा, "हे आमच्या मिशीला मिळालेलं बक्षीस." मी किती फुगले असेन, तुम्हीच बघा.

ते दिवस गेले. आधी माणसं कमी झाली, मग तंबू लहान झाला, मग साथीच्या दिवसांत सगळंच बंद पडलं. फडाचा ट्रक विकला गेला. चिमाजी नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात हमाली करू लागला. क्रेटवर क्रेट डोक्यावर घ्यायचे आणि गाडीत चढवायचे. फडातले टोप, मुकुट, तलवारी धूळ खात पडल्या, मला मात्र त्याने तंबाखूच्या रिकाम्या डबीत घातलं आणि ती डबी सदऱ्याच्या खिशात ठेवली. कामाची राहिले नाही, पण बेघरही झाले नाही. तंबाखूचा वास मात्र अजून अंगाला येतो, त्याला माझा इलाज नाही.

एके दुपारी अंजनाबाई बाजारात आल्या. क्रेटच्या ढिगाऱ्यामागे चिमाजी भाकरी खात होता. त्या तिथेच पोत्यावर टेकल्या.

"चिमा, काल घोडेगावच्या स्टँडवर एक बाई भेटली. पोरीचा फोटू घेऊन उभी. गाडी आली की खाली उतरणाऱ्याला दाखवती. कामाला म्हनून नेली पोरगी, आन तिकडंच गायब केली."

चिमाजीचा घास हातातच राहिला. "वाईट झालं, बाई. पर आपुन काय करनार? आपुन पोलीस हाय का?"

"न्हाई. आपुन तमासगीर हाय. ढोलकी वाजवली का मानसं गोळा व्हत्यात. एवढं तर अजून येतंय का न्हाई आपल्याला?"

मित्रांनो, माणसांचाही व्यापार होतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मला वाटायचं पोरी पळवणारे फक्त वगात असतात. पण खऱ्या जगात चांगलं काम देतो, शाळेत घालतो, लग्न लावून देतो, असं गोड बोलून माणसाला दूर नेतात आणि मग परत येऊच देत नाहीत. मुलींना नेतात, मुलांना नेतात, मोठ्यांनाही नेतात. अंजनाबाईंनी ठरवलं की यावर वग बसवायचा आणि गावोगाव फुकट करायचा. अनेकांनी त्यांना हसून घेतलं. तमाशावाल्यांनी लोकांना लेकी सांभाळायला शिकवावं, हे म्हणजे अतिच झालं, असं तोंडावर म्हणणारेही निघाले. अंजनाबाई म्हणाल्या, "शिकवू. ऐकत्याल तवर शिकवू." त्या बाईंनी एकदा पदर खोचला की पुढे कोणाचं काही चालत नाही.

राजमहंमदांचा नातू इरफान ढोलकीला आला. दोन पोरी नाचायला-गायला आल्या. आणि चिमाजीने डबी उघडली. मला उन्हात धरून फुंकर मारली, तेव्हा मी आनंदाने अगदी वेडी झाले होते.

पहिला खेळ डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका गावात झाला. गावाचं नाव सांगत नाही, त्याचं कारण पुढे कळेल. भाताची कापणी उरकली होती आणि भैरवनाथाच्या देवळापुढे सगळं गाव बसलं होतं. काळा कोट, कपाळावर लाल टिळा आणि ओठावर मी, अशा थाटात चिमाजी आला. "कुठं हाय ती पोरगी?" आणि काय सांगू, पोरं पुन्हा पदराआड गेली! शेवटी सोंगातल्या पोलिसांनी त्याला पकडलं तेव्हा टाळ्यांनी देऊळ दणाणलं. पोरांनी चुलीतल्या कोळशाने एकमेकांना माझ्यासारख्या मिश्या काढल्या. पुढच्या खुर्चीत पांढऱ्या शर्टातला एक माणूस बसला होता, तो तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. खेळ संपल्यावर त्याने चिमाजीला आपल्या पैशाने चहा पाजला.

"लई भारी काम केलं, राव," तो म्हणाला. "पोरं घाबरली पायजेत असल्या लोकांना."

परतताना जीपमध्ये अंजनाबाई गाणं गुणगुणत होत्या. मला डबीत ठेवताना चिमाजी म्हणाला, "बघ, अजून धार हाय तुला." त्या दिवशी आम्हाला वाटलं, जिंकलो.

त्यानंतर बरेच खेळ झाले. हिरड्याचा हंगाम आला. डोंगरातली माणसं झाडाखालचे हिरडे वेचून, वाळवून घोडेगावला विकायला आणतात. अशाच एका दिवशी चिमाजी आणि अंजनाबाई घोडेगावच्या स्टँडवर वरच्या गाडीची वाट पाहत होते. मी नेहमीप्रमाणे खिशात. शेजारी रिकामं पोतं घेऊन एक बाई बसली होती. तिने चिमाजीकडे निरखून पाहिलं.

"तुमी त्ये तमाशातलं न्हवं? आमच्या गावात आल्तं ते? मिशीवालं?"

"व्हय की," चिमाजी खूश झाला. "आवडला व्हता का खेळ?"

"लई. माज्या दोनी पोरी तर कितीक दिस तुमची नक्कल करायच्या." या बयाबाई. त्या मोकळेपणी बोलू लागल्या. थोरली वृषाली, धाकटी मोना. नवरा नाही. वृषाली आता मोठ्या शहरात कामाला आहे, बंगल्यावर. खेळानंतर चारच दिवसांनी गेली. आता मोनाही जाणार. येत्या रविवारी तिला न्यायला सावळेरामभाऊ येणार आहेत.

अंजनाबाईंचा आवाज एकदम हळू झाला. "वृषालीचा फोन येतो का, बयाबाई?"

"फोन न्हाई येत. मालकीन कडक हाय म्हनं. पर भाऊ येत्यात, खुशाली सांगत्यात."

"घरी आली का मधी?"

"सुट्टी न्हाई मिळाली." बयाबाईंनी पोत्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "म्हनून तर मोनाला धाडती. दोगी एका जागी ऱ्हातील."

"बयाबाई, आमचा खेळ बघूनबी तुमी अनोळखी मानसासंग पोर धाडली?"

"अनोळखी कसा? लई गुनाचा मानूस हाय. वरीस झालं येतोय गावात. मला ताप आला तर सोता जीपमधी घालून दवाखान्यात नेलं. आन तुमच्या खेळातला कसा, डोळं वटारून अंगावर येतो. ह्यो मान वर करून बोलत न्हाई. मिशीबी न्हाई त्याला." त्या थोडं हसल्या. "खरं सांगू का, पोर धाडायला माजं मन धजत न्हवतं. पर तुमचा खेळ बघितला आन धीर आला. म्हटलं, असली मानसं अशी असत्यात व्हय? मग आपला भाऊ तसला न्हाई. तुमीबी बघितलाय की त्याला. तुमाला च्या पाजला व्हता त्यानं."

मित्रांनो, मला कान नाहीत, पण ते ऐकून माझ्या गाठी सैल पडल्या. चिमाजीचा हात खिशावर आला आणि त्याने डबी घट्ट दाबून धरली. आयुष्यभर त्याने पोरांना शिकवलं होतं की वाईट माणूस मिशीवरून ओळखायचा. फडातल्या सगळ्यांनाच तसं वाटायचं, कारण फडात तसंच असतं. आणि ज्याला पकडायला आम्ही निघालो होतो, तो पुढच्या खुर्चीत बसून आमच्याच खेळाला टाळ्या वाजवत होता.

अंजनाबाईंनी बयाबाईंना समजावून पाहिलं. त्या ताडकन उठल्या.

"त्वांड सांभाळून बोला. मी तापानं फणफणले तवा तुमी व्हता का? त्यो व्हता." आणि गाडी लागताच पोतं उचलून चढून गेल्या.

अंजनाबाई तशाच पोलिसांकडे गेल्या. तिथल्या हवालदारबाईंनी सगळं नीट ऐकलं. त्या म्हणाल्या, "मी चौकशीला लागते. पण आईच म्हणाली की पोरगी सुखात आहे, तर तो हसत निघून जाईल आणि सावधही होईल. आईला बोलतं करा. तिचा फोन आला की मी निघालेच." आणि त्यांनी आपला नंबर दिला.

आता रविवारी मोना जीपमध्ये बसणार होती. त्याच्या आत तिच्या आईचे डोळे उघडायला हवे होते, आणि आमचं तर तिने एका शब्दानेही ऐकलं नसतं.

"शब्दानं न्हाई ऐकत तर खेळानं ऐकंल," अंजनाबाई म्हणाल्या. "चिमा, रविवारी त्याच गावात, त्याच जागी खेळ. नवा. आन मिशी न्हाई लावायची."

चिमाजी गांगरला. "बाई, मिशीबिगर मी काय करू? उघडं उभं ऱ्हायल्यागत वाटंल मला."

"वाईट दिसूच नगंस. चांगला दिस. बयाबाईनं सांगितला तसा."

"पर चांगला मानूस करायचा कसा?"

"तू हायेस तसा उभा ऱ्हा, चिमा."

वारूळवाडीत तालीम सुरू झाली. मी डबीतून ऐकत होते. आधी चिमाजीला हात कुठे ठेवावेत तेच कळेना. मग तो हळूहळू बोलू लागला, त्याच्या रोजच्या, लाजऱ्या आवाजात. "ताई, पोरीची काळजी करू नका. मी हाय न्हवं." ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. सरदाराच्या गर्जनेने कधी आला नव्हता असा. तालमीनंतर चिमाजी बराच वेळ तोंड धुत बसायचा. म्हणायचा, "माज्याच तोंडानं त्यो बोलतोय, इरफान. लई घाण वाटतंय." पण त्याने काम सोडलं नाही. खरं सांगते, मला रडू कोसळलं होतं. ज्याच्या ओठावर सारा जन्म काढला, त्याला मी नकोशी झाले होते. आणि त्याचं बरोबर होतं, हे त्याहून जास्त लागत होतं.

रविवारी दुपारी इरफानने देवळापुढे ढोलकी वाजवली आणि गाव जमलं. बयाबाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. आमच्याकडे बघायलाही तयार नव्हत्या, मोनाच्या हट्टामुळे आल्या होत्या. मोनाची पिशवी भरलेली होती, ती तिने मांडीवर घेतली होती. आणि पुढच्या खुर्चीत पांढरा शर्ट. सावळेराम. त्याची जीप पिंपळाखाली उभी होती.

खेळ सुरू झाला. चिमाजी साध्या सदऱ्यात आला. कोणी घाबरलं नाही. त्याने सोंगातल्या म्हातारीला पाणी दिलं, पोरांना गोळ्या वाटल्या, आजारी बाईला दवाखान्यात नेलं. लोकांना बरं वाटत होतं. मग तो हळूच म्हणाला, "पोरीला कामाला लावून देतो." पोरगी गेली. आईने विचारलं, "फोन का येत न्हाई?" तो म्हणाला, "मालकीन कडक हाय." आईने विचारलं, "घरी का येत न्हाई?" तो म्हणाला, "सुट्टी न्हाई." आणि मग, "ताई, धाकटीलाबी धाडा. दोगी एका जागी ऱ्हातील."

दुसऱ्या रांगेत कोणीतरी जोरात श्वास घेतला.

अंजनाबाईंनी तिथेच हात वर करून ढोलकी थांबवली. डबीतून मला काढलं, पितळेच्या ताटलीत ठेवलं आणि ताटली घेऊन त्या पुढे आल्या.

"मंडळी, ही आमच्या सरदाराची मिशी. वगात जो वाईट, त्याला आमी ही लावतो. आज तुमी सांगा. ही मिशी कोणाला लावायची?"

"मालकिनीला लावा," कोणी म्हणालं. "पोरीच्या आईला," दुसऱ्याने पुस्ती जोडली, "तिनंच धाडली ना?" लोक हसले. सावळेरामही हसला. "आईलाच लावा," तो मान डोलावत म्हणाला, "आजकाल आयांनाच काळजी न्हाई." चिमाजी तिथेच उभा होता, उघड्या ओठाचा, खाली मान घालून. त्याचं नाव कोणीही घेतलं नाही. मी ताटलीत पडून वाट पाहत होते.

मग बयाबाई उठल्या.

त्यांनी ताटलीतून मला उचललं. कितीतरी वर्षांनी बाईच्या हातात मी आले होते, आणि भाभींची मला फार आठवण झाली. त्या चिमाजीकडे वळतील असं सगळ्यांना वाटलं. पण त्या सरळ खुर्चीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, माज्या वृषालीला फोन लावा."

सावळेराम हसला. "लावतो की, ताई. खेळ तर हुंद्या."

"आत्ता लावा. हितं."

"हितं रेंज कुठंय?"

मागून कोणीतरी शांतपणे म्हणालं, "देवळाच्या वरल्या पायरीवर येती की."

त्या गावात रेंज कुठे येते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सगळं गाव वळून पायरीकडे पाहू लागलं. त्याला उठावं लागलं. पायरीवर उभं राहून त्याने नंबर लावला, फोन कानाला धरला.

"उचलत न्हाई. कामात असंल मालकीन."

"परत लावा."

त्याने परत लावला. मग खिशात फोन टाकत म्हणाला, "ताई, उगं मानसांत तमाशा नगं. मला लांब जायचंय. मोनाची पिशवी जीपमधी ठिवा."

"मोना न्हाई येनार," बयाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "आन पोरीचा आवाज ऐकल्याबिगर तुमीबी न्हाई जानार." आणि त्या पायरीवर बसल्या. मी त्यांच्या मुठीत.

त्यांच्या शेजारी मोना बसली. मग मागच्या रांगेतल्या बाया उठून आल्या आणि बसल्या. बाप्ये आले. दोघे-तिघे पिंपळाखाली गेले आणि जीपच्या पुढ्यात मांडी घालून बसले. कोणी त्याच्या अंगाला हात लावला नाही, कोणी शिवी दिली नाही. नुसतं गाव बसलं. तो गोड बोलला, मग चिडला, मग पुन्हा गोड बोलला. कोणी हललं नाही. अंजनाबाईंनी आपला फोन बयाबाईंपुढे धरला आणि बयाबाईंनी हवालदारबाईंना सांगितलं, "माजी पोर नेलीया त्यानं. म्या तिची आई बोलतीया."

उन्हं कलायच्या आत पोलिसांची गाडी आली.

सावळेरामला गाडीत बसवल्यावर बयाबाई चिमाजीपाशी आल्या. मूठ उघडली. घामाने माझी दोन्ही टोकं गोळा झाली होती.

"घ्या तुमची मिशी. लावायची ऱ्हायलीच त्याला."

"ऱ्हाऊ द्या," चिमाजी म्हणाला. "आता तशीच वळख पटली समद्यांना."

बयाबाईंनी मान हलवली. मग तिथेच, सगळ्यांदेखत, त्या हमसून हमसून रडल्या. त्यांची वृषाली अजून सापडायची होती.

पोलिसांना ती सापडली. शेतातली भातं निसवायला, लोंब्या धरायला लागली होती तेव्हा. परराज्यातल्या एका शहरात, एका घरात कामाला जुंपलेली. बाहेरून कुलूप, हातात फोन नाही, पगार नाही. आपण कोणत्या शहरात आहोत, हेही तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती परत आली तेव्हा चिमाजी तिला भेटायला गेला. ती ओसरीवर बसली होती. त्याने डबी काढून मला तिच्यापुढे ठेवलं आणि जैबुन्निसाभाभींची गोष्ट सांगितली.

"मंजी ही सरदाराची मिशी बाईच्या केसांची हाय?" वृषालीने विचारलं.

"व्हय. आन भाभी मांजराला बेटा म्हनायच्या."

वृषालीच्या ओठांचे कोपरे हलले. हसू म्हणण्याइतकं ते नव्हतं, पण मी त्यालाही बक्षीसच समजते. चपलेपेक्षा मोठं.

या हकीकतीचा बोलबाला झाला तेव्हा काही जणांनी सुचवलं की त्या पोरीलाच रंगमंचावर उभी करा, लोक ढसाढसा रडतील. अंजनाबाईंनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं. "तिनं सोसलं तेवढं बास झालं. खेळ आमी करतो. ती शाळंत जाईल." वृषाली आता शाळेत जाते. म्हणून मी गावाचं नाव सांगितलं नाही, आणि तुम्हीही शोधू नका.

खेळ मात्र चालू आहे. ओझर, घोडेगाव, जुन्नर, वारूळवाडी, डोंगरातल्या वाड्या-वस्त्या, बोलावतील तिथे आणि न बोलावतील तिथेही. शेवटी इरफान ढोलकीवर 'दहा, नऊ, आठ' असा ठेका धरतो आणि सगळी पोरं तो टाळ्यांनी धरतात, कारण लहान मुलं संकटात असली की १०९८ हाच नंबर लावायचा असतो. मी मात्र आता चिमाजीच्या ओठावर चढत नाही. तो माझ्याशिवाय उभा राहतो आणि लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात. सुरुवातीला मला वाईट वाटायचं, ते मी लपवत नाही. आता वाटत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी 'आम्हाला जपा' असं सांगतात. मला जपायला चिमाजी आहे, त्याची डबी आहे, तिचा वास आहे. तुम्ही आपल्या माणसांना जपा. जो तुमच्या माणसाला घेऊन गेला, तो कितीही गोड असो, देवमाणूस म्हणून ओवाळलेला असो, त्याला म्हणा, फोन लावा, आत्ता, इथे. खरा असेल तर तो रागावणार नाही.

खेळाच्या शेवटी अंजनाबाई ताटली पुढे धरतात आणि विचारतात, ही मिशी कोणाला लावायची. कधी कधी बराच वेळ कोणी उठत नाही. माणसं एकमेकांकडे बघतात, हसतात, खाली बघतात. मी ताटलीत पडून वाट पाहते. अशा वेळी, मित्रांनो, तुम्ही उठा.